रंगमहालात राजमाता उपाशी

सायर रंगमहालातून परत आली आणि तिने माणसांशी बोलणंच सोडलं. टाळ्या वाजवायला लागली!

पाणी हवं, वाजव टाळी. चपला हव्या, वाजव टाळी. एकदा तर भर आरतीत तिने टाळी वाजवली आणि पुजारी बिचारा आरती अर्धी टाकून प्रसादाची वाटी घेऊन धावला! वर बोलणं काय, तर "आम्हाला ऊन लागतंय," "आम्ही जरा पडतो." आम्ही म्हणजे कोण? तर एकटी सायर! बिकानेरच्या राठींची धाकटी सून, जिला काल-परवापर्यंत स्वतःच्या घरातली मांजरसुद्धा मोजत नव्हती!

थोरली सून धापूदेवी हे सगळं पाहत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. धापूदेवीने शाळा दुसरीत सोडली होती, पण जीभ मात्र थेट वकिलीपर्यंत शिकलेली.

रंगमहाल म्हणजे काय, तर वाळवंटात कुणा हुशार माणसाने बांधलेलं नवं कोरं जुनं हॉटेल. गठ्ठाभर पैसे मोजा आणि दोन दिवस राजा-राणी व्हा! दारात सजवलेला उंट, नगारा, दरबार, दिवाण, महाराज, सगळं नाटकातलं. सायरच्या मुलाने आईबापांना तिथे पाठवलं, आणि तेव्हापासून मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईने ती कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी अध्यायवार ऐकली.

"पायाखाली गुलाबाच्या पाकळ्या, भाभीसा!"

"पाकळ्या काय, निर्माल्यातही असतात," धापूदेवी म्हणायची.

"उंटावर बसवून आत नेतात."

"उंटावर वाणसामानही नेतात."

इथवर ठीक होतं. पण एका दुपारी सायरने, पापड लाटता लाटता, सुरी फिरवली.

"भाभीसा, एक सांगू? रागवायचं नाही हं. जेवायला काय आग्रह करतात हो तिथे! तुमचा आग्रह त्याच्यापुढे म्हणजे..." आणि पुढचं न बोलता ती नुसती छताकडे बघत राहिली.

लाटणं धापूदेवीच्याही हातात होतं. सायर वाचली ती केवळ पूर्वजांच्या पुण्याईने!

कारण आग्रह हे धापूदेवीचं राज्य होतं. तिच्या घरून पाहुणा स्वतःच्या पायांनी परत गेला, तर तिला तो स्वतःचा कमीपणा वाटायचा. मारवाडातली रीत सरळ आहे. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं लाजेचं. मग पाहुण्याने दोन्ही हात ताटावर आडवे घालायचे, यजमानाने शपथ घालायची, जबडा धरायचा आणि घास कोंबायचा. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणाऱ्याच्या घरी कुणी मुलगी देत नसे. एका व्याह्याने दातखीळ बसल्याचं सोंग केलं होतं. धापूदेवीने चमच्याने दातखीळ उघडून आत लाडू घातला!

आणि आता नातीने, पलकने, सायरच्या कथा ऐकून जाहीर केलं, "दादीसा, माझी सगाई रंगमहालातच करायची!"

धापूदेवीचा मुलगा मान डोलवायला लागला. सून फोनवर फोटो बघायला लागली. राठींच्या घरातली एकूण एक सगाई धापूदेवीच्या अंगणात, तिच्या हातच्या घासाने झाली होती. तिकडे तिला कोण विचारणार? बसवतील पंख्याखाली एका प्लास्टिकच्या खुर्चीत, म्हातारी म्हणून!

"आधी मी जाऊन बघते," तिने पदर खोचला. "एका दिवसात डाळीतला खडा काढून दाखवते! काही नसतो तिथे आग्रह-बिग्रह!"

"तुम्हाला एकटीला तिथल्या रीती कळायच्या नाहीत, भाभीसा," सायर घाईघाईने म्हणाली. "मी येते सोबत."

धापूदेवीचा नवरा, भीकमचंदजी, कुणी न विचारता आपोआप सामानात धरले गेले. तपासणीसाठी म्हणून धापूदेवीने मुलाच्या लग्नातला गोटा-जरीची किनार लावलेला घागरा घेतला आणि कपाळावरचा सोन्याचा बोर घासून लखलखीत केला. तपासणीला जाणारी बाई एवढी नटते का? हे विचारण्याची छाती बिकानेरात कुणाचीच नव्हती. शिवाय बरोबर मेथीच्या पुऱ्यांचा भरगच्च डबा. परक्याच्या अन्नाचा भरवसा काय!

रंगमहालाच्या दारात नगारा वाजला आणि एक दिवाणजी कमरेत वाकले. मिशा डिंकाने चिकटवलेल्या, उन्हाने डावी बाजू सुटत आलेली.

"पधारो, राजमाता!"

धापूदेवीने मागे वळून पाहिलं. मागे फक्त उंट होता.

"मी?"

"आपणच, हुकम! आपण राजमाता. या छोट्या राणीसा."

सायरचा चेहरा उन्हात ठेवलेल्या काकडीसारखा झाला. "मागच्या वेळी मला महाराणी केलं होतं!"

"मागच्या वेळी मी नव्हते ना," धापूदेवी म्हणाली, आणि पाकळ्यांवरून अशी चालली जणू जन्मापासून जमिनीला पाय लावलाच नव्हता.

दरबारात तर कहरच! राजमातेला चांदीच्या पत्र्याने मढवलेली मोठी खुर्ची, हाताशी दोन कोरीव सिंह, मागे चवरी ढाळणारी मुलगी. छोट्या राणीसांना गालिच्याच्या काठावर एक तिवई. धापूदेवीने सिंहांच्या डोक्यावरून हात फिरवला. तपासणी उत्तम चालली होती.

मग संध्याकाळी ताटं आली. डाळ-बाटी, गट्टे, केर-सांगरीची भाजी, पाकातला जाळीदार घेवर. सकाळपासून प्रवासात पोटात काही नव्हतं; डबा अडीअडचणीसाठी राखलेला. वाढपी समोर वाकला.

"हुकम, बाटी?"

"नको, नको," धापूदेवी रीतीप्रमाणे म्हणाली आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघू लागली.

वाढप्याने हात जोडले आणि तो पुढे गेला.

गेला?! धापूदेवीला वाटलं, शपथ घालायला मोठ्या माणसाला आणायला गेला असेल. तेवढ्यात गट्टेवाला आला. "नको रे बाबा!" तोही गेला. घेवर तर नाकासमोरून असा निघून गेला जशी न थांबणारी मेलगाडी!

आणि शेजारी सायर म्हणत होती, "वाढ. अजून एक. तूप सोड. हात आखडू नकोस."

पहिल्याच विचारण्याला! राठींची सून! धापूदेवीने कपाळावर हात मारला, तो बोरावर लागला.

"सायर, लाज कुठे ठेवलीस?"

"भाभीसा, राजवाड्यात एकदाच विचारतात," सायर भरल्या तोंडाने म्हणाली.

आता हा प्रश्न घराण्याच्या इज्जतीचा होता. आग्रह करायला येत नसेल, तर नकार तरी असा द्यावा की दगडालाही आग्रह सुचेल! पुढचा वाढपी आला तशी धापूदेवीने दोन्ही हात ताटावर आडवे टाकले, मान फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अजिबात नको! माझ्या गळ्याची शपथ, घासभरसुद्धा नको!"

बिकानेरात या आरोळीवर पाच बायका लाडू घेऊन धावल्या असत्या. इथे दिवाणजी धावले. त्यांनी महाराजांच्या कानात काहीतरी सांगितलं, महाराज उठले, आणि नगारा वाजला.

"ऐका हो ऐका! राजमातेने अन्नत्यागाची शपथ घेतली आहे! प्रजेच्या सुखासाठी व्रत! उद्या सकाळपर्यंत राजमातेसमोर कुणी अन्न आणील तर खबरदार!"

"अरे, ऐक तरी..." धापूदेवी म्हणाली, पण तेवढ्यात शंख फुंकला गेला.

दरबारात बसलेले दिल्लीचे पाहुणे रांग लावून पाया पडू लागले. एका बाईने तर आपल्या मुलीचं लग्न जमू दे म्हणून नवस बोलून टाकला! फुलांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला. समोरचं ताट कुणीतरी भक्तिभावाने उचलून नेलं.

तिवईवर सायरच्या हातातली बाटी तशीच राहिली. इथेही भाभीसाच! वाळवंटात, नाटकातल्या राजवाड्यात, उपाशी राहूनसुद्धा भाभीसाच! ती फुलांच्या ढिगाकडे बघत होती, आणि धापूदेवी तिच्या बोटांवरून ओघळणाऱ्या तुपाकडे. दोघींचं जळत होतं. एकीचं पोट, दुसरीचं काळीज.

'व्रत-बीत काही नाही, वाढा' असं धापूदेवी म्हणू शकत होती. पण मग सायरने ती गोष्ट बिकानेरात पणतवंडांच्या लग्नापर्यंत पुरवली असती! खोलीत पाऊल टाकताच धापूदेवीने डब्यावर झडप घातली. डबा वाजला. रिकामा!

"अहो! पुऱ्या?"

"त्या उंटवाल्याला दिल्या," भीकमचंदजी समाधानाने म्हणाले. "आपल्याकडचाच निघाला. तीनदा नको म्हणाला बघ! मग मी शपथ घातली. काय जेवला गं!"

त्या रात्री राजमातेने उशी चावली.

सकाळी पारण्यासाठी दरबार भरला. दिवाणजींनी चांदीचं ताट आणलं, कापड उचललं. मधोमध घेवर, परातीएवढा!

"राजमाता, ग्रहण करणार?"

पोट म्हणालं, हो! आतडी म्हणाली, हो! पण जन्मभर सवय लागलेल्या तोंडाने कुणालाच न विचारता उत्तर देऊन टाकलं, "नको, नको."

"व्रत वाढलं!" दिवाणजी गरजले. नगारा!

धापूदेवीच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. दरबाराला वाटलं, भक्ती!

"खबरदार ते ताट हलवलंस तर!"

तिवई उलटली. सायर घागरा सावरत आली, तिने घेवराचा मोठा तुकडा तोडला आणि डाव्या हाताने थोरल्या जावेचा जबडा धरला.

"खा, भाभीसा! नाहीतर माझं मेलेलं तोंड बघाल!"

"नको गं," धापूदेवी म्हणाली. किती बरं वाटलं ते 'नको' म्हणताना! तिने दोन्ही हातसुद्धा आडवे घातले, रीत ती रीत.

"छोट्या राणीसा, व्रत!" दिवाणजी मध्ये पडले. त्यांच्या मिशीची सुटलेली बाजू सायरच्या कोपराला चिकटून गेली. सायरने कोपर झटकून घास कोंबला, घास तोंडात आणि मिशी फुलांत!

"मागच्या वेळी मीही 'नको, नको' करत बसले," ती कानाशी कुजबुजली. "दोन दिवस त्या गुलाबाच्या पाकळ्या चघळल्या, भाभीसा."

"मग आग्रहाचं खोटं का सांगत फिरलीस?"

"या घरात आल्यापासून ऐकतेय, धापूचा आग्रह, धापूचा आग्रह! मी वाढलं तरी पाहुणे म्हणतात, वा, थोरल्या सुनेने काय वाढलं! म्हटलं, एकदा तरी तुम्हाला जळू दे."

धापूदेवी चावत राहिली. आपण अगदी सायरच्या मनासारखे जळलो, हे काही ती सांगणार नव्हती. तिने सायरच्या हातातला दुसरा तुकडा स्वतःच ओढून घेतला आणि तोही संपवला. सगळा दरबार श्वास रोखून बघत होता. बिनमिशीच्या दिवाणजींनी नगारा थांबवला. राजमाता बोलणार!

"सायर, नीट ऐक," राजमाता तूप पुसत म्हणाली. "सगाई घरीच होणार, माझ्या अंगणात. इथला घेवर वातड, आणि इथल्या लोकांना 'नको' आणि 'नको' यातला फरक कळत नाही. एवढे पैसे देऊन उपाशी मरायचं, तर आपली एकादशी काय वाईट? पलकच्या सासरच्यांना तू वाढायचंस. जबडा धरायला येतं तुला. तू पुढे, मी मागे बसेन." मग तिचा हात सिंहाच्या डोक्यावर गेला आणि आवाज जरा खाली आला. "फक्त निघताना त्या दिवाणाला विचारून ठेव, ही खुर्ची भाड्याने देतात का. मागे बसेन, पण हिच्यावर!"