बिनतारी थूल काका

बोरगाव मेघ्यात आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे कपडे वाळत घालायची तार आहे. फक्त थूल काकांच्या अंगणात आडवा बांबू आहे, आणि त्यावर काकूंच्या साड्या. तार का नाही, असं विचारण्याची चूक मी एकदा केली. "वायर म्हंजे भानगड, सर," काका म्हणाले, आणि ती भानगड पुढचा अर्धा तास मला उभ्याउभ्या ऐकावी लागली.

दौलतराव थूल टेलिफोन खात्यात लाइनमन होते. जन्मभर खांबावर चढून त्यांनी गावोगावच्या तारा जोडल्या आणि निवृत्त झाले त्याच दिवशी तारेशी कट्टी घेतली. घरातली इस्त्री त्यांनी वायर आहे म्हणून जावयाला देऊन टाकली. पायजम्याच्या नाडीकडेसुद्धा ते जरा संशयानेच बघत असावेत.

या माणसाला गेल्या वर्षी एका गोष्टीचा ध्यास लागला. त्यांच्या घरासमोर, बोळीपलीकडे, बुद्धविहार आहे. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वर्षानुवर्षं ते निर्मलाकाकूच करत आल्या. पण काका निवृत्त झाले त्याच वर्षी काकूंचे गुडघे गेले, खाली बसता येईना. विहारात खुर्ची ठेवू म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला. बुद्धमूर्तीपुढे सगळे खाली आणि आपण तेवढ्या खुर्चीवर, हे त्यांना जमणारं नव्हतं. त्या वर्षी वाचन दुसऱ्या बाईंनी केलं. त्या दर पानाला एक जांभई देत. काकू आपल्या खिडकीत बसून ऐकत, आणि नंतर ताटावरून अर्धपोटी उठत.

काकांनी ते तीन महिने पाहिलं आणि ठरवलं, की पुढच्या वर्षावासात काकू घरीच खुर्चीवर बसून वाचतील आणि आवाज विहारात पोचेल. अर्थात बिनतारी.

बोळ ओलांडायला वीस पावलं पुरतात. कोणीही शहाणा माणूस एक वायर टाकून मोकळा झाला असता. मी तसं सुचवलं. "आज टाकली, उद्या कापसाच्या गाडीत अडकून तुटली, अन् परवा खांबावर कोण? थूलच," काका म्हणाले. मग मी फोन सुचवला. तर म्हणाले, "समोरच्या घरातला आवाज नागपूरले फिरवून काऊन आनायचा?" मी फोन खिशात ठेवला.

मग शोध सुरू झाला. काकांची मागणी साधी होती. एक तयार सर्किटची पट्टी हवी, इकडून बोललं की तिकडे रेडिओतून निघालं पाहिजे, मधे डोकं चालवावं लागू नये. नागपूरच्या दुकानात पोऱ्याने विचारलं, कोणत्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे? एकसष्ट वर्षांच्या काकांनी न डगमगता "फायनल इयर" सांगितलं. पहिली पट्टी आणली ती रिमोटची निघाली. तिला फक्त चालू आणि बंद कळे, आवाज कळत नसे. दुसरी ब्लूटूथची, ती भिंत आली की मुकी होई. तिसऱ्या खेपेला बिनतारी डोअरबेल आली. तिचा आवाज मात्र बोळीपलीकडे खणखणीत जाई, पण टिंगटाँगच. आठवडाभर विहारात वेळीअवेळी टिंगटाँग व्हायचं आणि कोणीतरी उठून उघडंच असलेलं दार पुन्हा बघून यायचं.

वर्षावास आठ दिवसांवर आला आणि काकांनी दुकानाच्या खेपा बंद केल्या. वायरला शिव्या देणंही त्यांनी थांबवलं, तेव्हा मला खरी काळजी वाटली. मी सिंदीला शाळेत शिकवतो. एका सुटीच्या दिवशी तिकडे काम होतं, म्हणून त्यांनाही गाडीत घातलं, तेवढाच विरंगुळा.

माझी गाडी जुनी आणि तिचा रेडिओ त्याहून जुना. सिगारेट लायटरच्या भोकात मी अंगठ्याएवढं एक यंत्र बसवलंय. फोनमधलं गाणं ते रेडिओलहरींवर सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. पवनारचा पूल ओलांडताना काकांनी विचारलं, गाणं फोनमध्ये आहे तर रेडिओत कोणत्या वायरीनं येतंय? वायर नाहीच, मी म्हणालो. काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, यंत्र उपसून काढलं, उलटंसुलटं पाहिलं. त्याला माइकची पिन बसेल असं भोकही होतं. सिंदी राहिली बाजूला, आम्ही तिथूनच परत फिरलो. तेव्हापासून माझी गाडी मुकी आहे.

जुन्या स्कूटरच्या बॅटरीवर यंत्र बसलं. माइकपासून यंत्रापर्यंत हातभर वायर आलीच. काकूंनी ती बोटाने दाखवली, तर काका म्हणाले, "हे वायर नाई, कनेक्शन आहे."

चाचणीला काका घरी माइकवर आणि मी विहारात रेडिओपाशी. "हॅलो, आयकू येते का?" आवाज अगदी स्वच्छ. मी रेडिओला सांगितलं, येतंय. "हॅलो, सर, बोला ना." मी आणखी जोरात सांगितलं. असे आम्ही दोघं पाव तास ओरडत होतो. बोललं की पलीकडून उत्तर येणारच, असं आयुष्य टेलिफोनवर घालवलेल्या माणसाने धरून चालणं साहजिक होतं. माझं काय झालं होतं, ते मी सांगू शकत नाही. शेवटी रेडिओतून काकूंचा आवाज आला, की सर खिडकीतून ओरडून राह्यले, जरा बाहेर बघा. काकांनी नंतर मलाच झापलं. "हे एकाच बाजूनं जाते, सर. रेडिओले कोनी उत्तर देते का? मास्तर असून."

आषाढी पौर्णिमेला विहार भरला. रेडिओ मागच्या खिडकीत, काकूंच्या घराच्या दिशेने ठेवला होता. काकू वाचू लागल्या आणि पोरंसोरंही शांत बसली. काका घरी यंत्रापाशी असतील असा माझा समज होता, पण ते त्या खिडकीखाली भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. मी हळूच म्हटलं, घरीच ऐकायचं की, काकूंच्या शेजारी बसून.

"घरी तं कधीबी आयकीन," काका डोळे न उघडता म्हणाले. "तीस पावसाळे ती इथं वाचत होती, सर, अन् मी खांबावर. तारा पावसाळ्यातच तुटत ना. लोक मले सांगत, तुमची बायको काय वाचते. मी म्हनो, हो. पन इथं बसून एक दिवस आयकलं नाई."

त्यांच्या बांबूला वर्षभर हसल्याची मला लाज वाटली.

पान उलटल्याचा आवाज आला. काकू थांबल्या आणि मग ग्रंथात नसलेलं एक वाक्य बारीक आवाजात म्हणाल्या, "काहो, आयकू येते ना?"

सभेत हसू पसरलं. काकांनी डोळे उघडले, मान वर करून रेडिओकडे तोंड नेलं आणि म्हणाले, "येते, येते. वाच तू."