साड्यांमधलं रेडिओ स्टेशन

डोनलकाकांकडे साधा लॉन मोअर मागायला गेलात, तरी ते तुमची ओळख करून द्यायचे. कुणाला? कुणालाच नाही! दारात मी एकटा, आणि काका धीरगंभीर आवाजात म्हणायचे, "आज आपल्यासोबत आहेत नागपूरहून आलेले एक तरुण इंजिनियर. त्यांच्यापुढे गवताचा प्रश्न उभा आहे." मग एक लांबलचक पॉज. मग माझ्याकडे बघून, "बोला."

बोलणार काय, कप्पाळ!

काका मूळचे आयर्लंडचे. इथे अमेरिकेत, बॉथेल गावात आमच्या शेजारीच राहायचे, एकटे. कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले, आणि दर रविवारी सकाळी नऊला इथल्या एका छोट्या पब्लिक रेडिओवर इतिहासाचा कार्यक्रम करायचे. राजेरजवाड्यांचा नाही हं. बोटीत बसताना लोकांनी ट्रंकेत काय भरलं, हिवाळ्यात बटाटे कुठे ठेवले, असला इतिहास. आणि कुणी काहीही सांगितलं की यांचा एकच सवाल, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

गणपतीत आमच्याकडे जेवायला आले. मोदक एकवीसच का, म्हणाले. माझी बायको वैशाली म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलंय."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या सासूबाईंनी."

काकांनी हातातला मोदक खाली ठेवला. "सलग सासवांची साक्ष! युरोपातल्या निम्म्या राजांकडे एवढा पुरावा नाही." पुढच्या रविवारी ते सगळं रेडिओवर. माझी आई नागपुरात बसल्या बसल्या इथल्या इतिहासात जमा झाली.

असा बोलका माणूस, पण नोराचा विषय निघाला की आवाज खाली यायचा. नोरा त्यांची मोठी बहीण, गावाकडेच राहिलेली. लहानपणी दोघं स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसायची. काका अमेरिकेला निघाले तेव्हा ती म्हणाली होती, "एक दिवस रेडिओ लावीन आणि आत तू असशील." आता या स्टेशनचा आवाज जेमतेम डोंगरापर्यंत पोचणार, तो आयर्लंडला कसा जाईल? मी म्हटलं, "काका, कॅसेट पाठवा ना." तर म्हणे, "कॅसेट कुणीही पाठवतं. रेडिओवर असं ठरलंय." हट्टी तर हट्टी!

२००४ची गोष्ट. स्टेशन नव्या वर्षात इंटरनेटवर येणार, असं ठरलं. काका लहान मुलासारखे हरखले. आणि डिसेंबरात नव्या मॅनेजरनं त्यांचा कार्यक्रमच कॅन्सल केला. तरुण श्रोते हवेत म्हणे! नोरानं ऐंशी ओलांडलेली, तब्येत तोळामासा. तिनं ऐकायचं राहून जाणार, या एका गोष्टीनं काका खचले. दार उघडायचे, पण ओळख करून देईनात. मला ते बघवेना. मी दिवसभर ऑफिसात लोकांच्या कंप्युटरवर आवाज पोचवायचंच तर काम करतो! म्हटलं, काका, इंटरनेटवर आपलं आपण स्टेशन काढू.

आवाज घुमू नये म्हणून खच्चून भरलेली खोली हवी होती. आमच्या घरात तशी एकच, वैशालीचं क्लोजेट. पैठण्या आणि थंडीची जॅकेट्स यांच्यामध्ये काका स्टुलावर बसले, माइक हँगरला टांगला. तिकडे नोराच्या शेजारणीनं लॅपटॉप आणून तिच्या स्वयंपाकघरात फोनच्या लाइनीला जोडला. आपले सकाळचे नऊ म्हणजे तिच्याकडे संध्याकाळी चहाची वेळ.

आणि आमच्या हिनं काय करावं? मला न विचारता अख्ख्या मराठी मंडळाला ईमेल! "आपल्या डोनलकाकांना सर्वांनी ऐका!" ऐकतील नाहीतर काय? नऊ वाजता पार शेजारच्या रेडमंड गावापासून सगळे तुटून पडले. घरगुती कनेक्शन ते, गुदमरलं. काकांचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी जायला लागला. आम्ही दोघं मोबाइलवरून एकेकाच्या मागे लागलो.

"देशपांडे काकू, बंद करा!"

"अगं, छान बोलतायत की!"

"म्हणूनच बंद करा!"

कुलकर्णी तर रागावलेच. "आमंत्रण देऊन पानावरून उठवता?"

एकेक करत सगळे गेले आणि स्क्रीनवर एकच श्रोता उरला. नोरा! आत काकांना कशाचा पत्ता नाही. त्यांचे वडील रेडिओची जड बॅटरी सायकलला बांधून चार्ज करायला गावात कशी न्यायचे, ते सांगण्यात ते रंगले होते.

आणि तो एक आकडाही गेला. शून्य.

काका बोलतच होते, आणि त्यांना थांबवायचा मला धीर होईना. वैशालीनं माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात घरचा फोन वाजला. आयर्लंडचा! मी पळत जाऊन तो स्पीकरवर टाकला आणि "तिकडचं इंटरनेट बंद झालंय" म्हणत काकांपुढे धरला.

"नोरा? इंटरनेट तोडलंस?" काकांचा आवाज एवढासा झाला होता. "बरा नव्हता का गं कार्यक्रम?"

"तोडल्याशिवाय फोन कसा करू? एकच लाइन आहे." पलीकडे ती रडत होती की हसत होती, कळेना. "डोनल, तुझा आवाज अगदी बाबांसारखा झालाय रे. ऐकला, आणि मी वेडी, उठून त्यांच्यासाठी कप काढायला गेले."