न परवडणारा वाफा

माझ्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या निवृत्तीअप्पा स्टेजवर आले, आहेराचं पाकीट हातात दिलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "एवढा मांडव, एवढी पंगत. परवडतंय का?" बायकोने ते ऐकलं. तिने माझ्याकडे टाकलेला पहिला संशयी कटाक्ष त्या प्रश्नामुळे होता.

अप्पा माझे शेतशेजारी. दोघांच्या रानात एकच बांध. मी चिंचोळीच्या कारखान्यात पाळी करून रानाकडे जातो. अप्पा मात्र दिवसभर तिथंच असतात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्या, आणि एकुलती एक लेक रंजना लग्न होऊन भोरकडे, भाताच्या मुलखात गेली. उरले अप्पा आणि त्यांचं 'परवडतंय का?' कुणी गाडी घेतली, बोअर मारला, मुलाचं बारसं केलं, तरी तेच.

पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. आंघोळ लिंबाच्या बुंध्याशी, म्हणजे झाडालाही पाणी मिळतं. डाळ धुतलेलं पाणी कोंबड्यांना. पाहुण्याला तांब्या अर्धाच, "आदी एवढं तर प्या की." कांद्याच्या ठिबकची नळी गळायला लागली, तर अंगातल्या बनियनची चिंधी फाडून बांधतील.

अशा माणसाने यंदा विहिरीच्या कडेला भात लावलं! मी हबकलोच. आमच्याकडे ज्वारीलाही आभाळाकडे बघत बसावं लागतं, आणि हे गुडघाभर चिखलात उभे. विकतचा तांदूळ कितीतरी स्वस्त पडला असता. पण मी काही बोलायच्या आत त्यांनीच मला लागवडीवर व्याख्यान दिलं: एका जागी रोपाच्या दोनच काड्या, वीतभर अंतर, पाणी सतत तुंबवायचं नाही, जमीन जरा सुकू द्यायची, म्हणजे थोड्या पाण्यातही पीक निघतं. मला वाटलं, चला, यातही यांनी हिशेब बसवलाय.

मग पावसाने दडी मारली. विहीर तळाला गेली. पाणी एकाच पिकाला पुरणार होतं. अप्पांचं वर्ष कांद्यावर चालतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. आणि अप्पांनी कांद्याचा कॉक बंद केला. पाणी भाताला! कांद्याची पात वाळायला लागली. म्हातारा कामातून गेला असं समजून मी तडक बांध ओलांडला.

अप्पा मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं लावत होते. मूठ-मूठभर, एकाच जागी! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. त्यांनी चिखलाच्या हाताने तो धरून वाफा दाखवला. पलीकडून रंजना कडाडली, "अप्पा, परत मूठभर कोंबली? दोन-दोन काड्या लावा म्हणून काल बी सांगितलं की!"

"व्हय का? इसरलो बघ," अप्पा म्हणाले. "परत एकदा सांग."

तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. वीतभर अंतर, पाणी कधी तोडायचं, सगळं. मधेच तिला सासूची तक्रार आठवली, मग म्हैस आटल्याचं, मग माझ्या बायकोची खुशाली. अप्पा तोंड भरून हसत ऐकत होते. त्यांना इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

फोन बंद झाल्यावर मी म्हणालो, "अप्पा, हे सगळं तुमीच मला सांगितलं होतं की."

अप्पांनी मान खाली घातली. "आदी फोन यायचा तिचा. जेवला का? जेवलो. बरं हाय का? बरं हाय. की संपलं. पोरीसंगं काय बोलायचं, मला कुटं ठावं? त्ये सगळं तिची आई बोलायची." मग म्हणाले, "आता रोज भांडती."

त्यांचाच प्रश्न माझ्या तोंडातून निघून गेला. "परवडतंय का, अप्पा?"

अप्पांनी वाळत चाललेल्या कांद्याकडे एकदा बघितलं.

"न्हाय," ते म्हणाले, आणि खाली वाकून आणखी एक मूठ एकाच जागी खोचली.