बुवा, बादली आणि कलासंकुल

बाळांनो, एका जंगलात सगळं काही होतं, फक्त कलासंकुल नव्हतं. शेजारच्या जंगलाने बांधलं म्हटल्यावर मग काय! यांनाही हवंच. ठेकेदार घूसशेठनी झटपट उभं करून दिलं. मऊ खुर्च्या, लाल गालिचा आणि हाडं गोठवणारा एसी.

उद्घाटनाला गाणार होते दर्दुरबुवा. बेडकांचं गाणं आजवर डबक्याकाठीच ऐकलं जायचं, तेही नाक मुरडून. आज फजिती झाली, तर पुन्हा कुठल्याच बेडकाला बोलावणं येणार नव्हतं.

"अहो, घसा ओला असला की तुम्ही राजे," असं म्हणत बायकोने तांब्याभर पाणी बरोबर घेतलं.

दारात मुंगूस उभं. "पाणी आत न्यायचं नाही, बुवा. गालिचा खराब होतो."

"अरे बाबा, पण मी बेडूक आहे!"

"ते दिसतंय की. नियम सगळ्यांना सारखा."

तांब्या दारातच ठेवून बुवा रंगमंचावर जाऊन बसले. अध्यक्ष गेंडेसाहेबांचं भाषण काही संपेना. एसीच्या कोरड्या वाऱ्याने बुवांच्या घशाला कोरड पडली. शेवटी तोंड उघडलं, तर नुसती हवा! मागच्या रांगेत माकडं फिदीफिदी हसली. बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात वरून टप्प! एसी गळायला लागला होता. घूसशेठ मागच्या दाराने पसार झाले. मुंगसाने धावत येऊन रंगमंचावर बादली ठेवली. गालिचा वाचायला हवा ना!

बादलीत पाणी साठू लागलं. बुवांनी ते पाहिलं आणि मारली की हो उडी! आतून असा काही सूर लागला, की बादलीसुद्धा घुमायला लागली. गेंडेसाहेबांच्या जाड कातडीवर काटा आला. माकडं हसायची विसरली. बायको पदराने डोळे पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी घूसशेठ हजर. "गळती मुद्दाम ठेवली होती, साहेब. कलाकारांची सोय!"

गेंडेसाहेब गहिवरले. शाल-श्रीफळ घूसशेठना मिळालं, शिवाय नव्या वाचनालयाचं कामही. एसी दुरुस्त झाला. बादली काचेच्या कपाटात गेली.

पुढच्या कार्यक्रमाला बुवा आले, तर दारात तेच मुंगूस. "पाणी आत न्यायचं नाही, बुवा."

"मग ती बादली तरी द्या."

"ती फक्त बघायची, बुवा. हात लावायचा नाही."

तात्पर्य : आपलं काम गळकं निघालं, तर खुशाल पळून जावं, पण टाळ्या ऐकू आल्या, की परत यायला विसरू नये.