मर्टलचा नवरा

हॅमिश मॅकरीने नियम वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. चौथा नियम जागचा हलला नव्हता: 'भेटवस्तू पोस्टाने पाठवू नये. घरी जाऊन हातोहात द्यावी.'

चूक त्याचीच होती. 'लोकरीच्या लेकी' या फोनवरच्या विणकाम-गटाने नाताळच्या भेटींची अदलाबदल त्याच्यावर सोपवली होती. नियम आपल्या शब्दांत लिहायचा धीर होईना, म्हणून त्याने बायकोच्या चर्चमधल्या मंडळाचे जुने नियम जसेच्या तसे उतरवले. ते मंडळ एका गल्लीत मावत होतं. या लेकी साऱ्या दक्षिण बेटावर पसरलेल्या. तरी सगळ्यांनी नियमांखाली लाल बदामाची चित्रं टाकली होती.

खरी पंचाईत पुढेच होती. गटात हॅमिश नव्हताच. होती मर्टल, त्याची बायको, आणि ती जाऊन काही वर्षं झाली होती. तिच्या आजारपणात तो तिच्याकडूनच विणायला शिकला. ती गेल्याचं गटाला कळवायला त्याने तिचा फोन उघडला, तेवढ्यात तिमारू गावच्या डल्सीने विचारलं होतं, "मर्टल, मोज्याची टाच कशी वळवायची गं?" आधी टाच, मग वाईट बातमी, असं ठरवून त्याने उत्तर दिलं. बातमी राहूनच गेली. आता रोज सकाळी डल्सीशी चार शब्द झाल्याशिवाय त्याचा चहा घशाखाली उतरत नसे. खरं कळून ती बोलायची थांबली, तर घरात बोलायला रेडिओ तेवढा उरणार होता.

आणि चिठ्ठ्यांत मर्टलचं नाव निघालं होतं डल्सीलाच. तसं जाहीरही करून झालं होतं, म्हणजे भेट घेऊन ती त्याच्याच दारात येणार होती.

शनिवारी हॅमिशने अर्धवट शाल उशीखाली कोंबली, चहाबरोबर खायला स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजले आणि वाक्य घोकलं: मर्टल बहिणीकडे गेलीय, मी तिचा नवरा. बेल वाजली. दारात एक मिशाळ, धिप्पाड म्हातारा रंगीत पुडकं छातीशी धरून उभा होता.

"मी रॉस. डल्सीचा नवरा. तिचा पाय मुरगळलाय."

"अरेरे. मी हॅमिश, मर्टलचा. ती बहिणीकडे गेलीय."

"अरेरे," रॉस म्हणाला. पण त्याचा चेहरा एकदम खुलला होता.

"या बायका आणि त्यांचं विणकाम," हॅमिश चहा ओतत म्हणाला.

"हो ना. आपल्याला सुईचं टोक कुठलं तेही कळत नाही." रॉस उशीला टेकला आणि ताडकन उठला. "हे कळलं."

त्याने उशीखालून शाल ओढली. बाजूला ठेवू लागला, पण ठेववेना. मधेच एक टाका सुटून खाली घरंगळला होता. रॉसने चहाचा घोट घेतला, शालीकडे पाहिलं. स्कोन खाल्ला, पुन्हा पाहिलं. शेवटी न राहवून त्याने सुई उचलली आणि तो टाका एकेक ओळ वर चढवू लागला.

"त्याच्या शेजारचाही सुटलाय," हॅमिशच्या तोंडून निघून गेलं.

"दिसतोय. आधी हा..." रॉस थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हाला कसं जमतंय?"

शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. ते थांबलं.

"डल्सी माझी मांजर," रॉस म्हणाला. "उभा जन्म मेंढ्या कातरल्या. म्हटलं, पुढे त्या लोकरीचं काय होतं ते तरी बघू. पण स्वतःचं नाव कसं लावणार? आमच्या टोळीला कळलं असतं तर मलाच भादरलं असतं."

"मर्टल खरीच होती."

"होती?"

हॅमिशने नुसती मान हलवली. रॉसने सुई खाली ठेवली.

"मग ती टाच मला शिकवली कुणी?"

"मी."

"बरी शिकवलीस," रॉस म्हणाला आणि खाकरला. "उद्या सकाळी बोलायचंय ना पण? माझी स्वेटरची बाही अडलीय."

"बोलू की," हॅमिश म्हणाला, आणि त्याचा चहा सरळ घशाखाली उतरला. "पण मला मंगळवारी गोर गावी भेट द्यायला जायचंय. माझ्या चिठ्ठीत विनिफ्रेड आलीय. तिला काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात फोन किणकिणला. विनिफ्रेडच होती.

'मर्टल, मंगळवारी मी घरी नसेन गं. माझा नवरा असेल. जरा लाजाळू आहे, सांभाळून घे.'

दोघांनी ते डोक्याला डोकं लावून वाचलं. रॉसने मिशीवरून हात फिरवला.

"लिही," तो म्हणाला.

हॅमिशने लिहिलं, 'काही हरकत नाही गं. मीही नवऱ्यालाच पाठवतेय.'