भैय्यालालचा जबडा

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात चिखल्याच्या खाण वसाहतीत भैय्यालालच्या टाचेत जुन्या पेटीचा गंजका खिळा घुसला. बायकोनं, चंद्रकलेनं, हळद दाबून फडकं बांधलं. गोष्ट तिथंच मिटायची, पण शेजारचे वासुदेवराव मास्तर समाचाराला आले.

"गंजका खिळा?" मास्तर दारातच थबकले. "धनुर्वाताचे जंतू असते त्यात! जंतू टाचेतच बसते, पण त्याचं विष नसेनसेनं वर चढते. नसांच्या पेशी स्नायूले 'सोड' म्हणत असते ना, ते म्हणणंच विष बंद पाडते. मंग आवळला तो आवळलाच. पयले जबडा बसते!"

चंद्रकलेच्या हातून तांब्या पडला. भैय्यालालनं घाईघाईनं आ वासला.

"उघडून तं राहिला, मास्तर."

"आज उघडते," मास्तर म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

झालं! भैय्यालालच्या तोंडाला उसंत राहिली नाही. खाणीत उतरताना आ, डबा खाताना आ. घरी चंद्रकला चुलीपासून ओरडे, "अवो, उघडून दाखवा बरं!" तिसऱ्या दिवशी सकाळी कप ओठाशी आला, तर तोंड बोटभरही उघडेना.

"बसला वो, जबडा बसला!" चंद्रकलेनं हंबरडा फोडला. सगळी वसाहत जमली. मास्तर तर पांढरेफटक पडले. गोपीचंद ड्रायव्हरनं भैय्यालालला आणि चंद्रकलेला ट्रकमध्ये घातलं आणि तुमसरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी जबडा चाचपला, मान वाकवली, पोट दाबलं. "बाकी अंग तर मऊ आहे. शिवाय परवाच्या खिळ्याचं विष इतक्या लवकर सहसा चढत नाही. जबड्याला काही जास्तीचं काम पडलं का?"

चंद्रकलेनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"अहो बाई, हे विष नाही. उघडमीट करून करून जबडा आखडलाय! जखम धुतो, इंजेक्शन देतो. पण आता तोंड उघडून पाहायचं नाही."

ट्रक वसाहतीत परतला, तेव्हा दारादारांत माणसं उभी होती. कुणाला कधी काटा रुतला होता, कुणाला पत्रा लागला होता. सगळी आ वासत होती, मिटत होती, पुन्हा वासत होती.

"अगे माय! साऱ्यायलेच हा रोग लागला काय?" चंद्रकला किंचाळली.

गर्दीतून वासुदेवराव मास्तर कधीकाळी काटा रुतलेल्या पायानं लंगडत पुढं आले. त्यांनी गालाकडे बोट दाखवलं.

"हं... हंहं!"

त्यांना सगळं समजावून सांगायला भैय्यालालनं जीव तोडून प्रयत्न केला.

"हं! हंहंहं!"

मास्तरांचे डोळेच पांढरे झाले. गोपीचंदनं ट्रक बंदच केला नाही. "चढा, मास्तर," एवढंच तो म्हणाला.