देवाजी राजांच्या कानयंत्राची मोहीम

शके एकोणीसशे सहा, रक्ताक्षी नाम संवत्सर, पौष वद्यपक्ष, इंग्रजी सन एकोणीसशे पंच्याऐंशी, संक्रांत होऊन तीन दिवस लोटले होते, ते समयी वैनगंगेच्या काठी, वडशापासून दोन कोसांवर, आमचे गावी जे महत्कार्य घडले त्याची ही हकीकत. कैक वर्षे ज्याने त्याने ती आपापल्या सोयीने सांगितली, आणि पुरुषमंडळींनी तर आपली नावे पुढे घालून सांगितली. सबब त्या साली त्या घरी नवी सून म्हणून आलेली आणि सारे स्वनजरेने पाहिलेली ही लेखणी, कोणाची भीड न धरता, जैसे घडले तैसे लिहिते. कोठे थट्टा जाहली तर गोडीने घ्यावी. बहुतेक जण आता रागावण्यापलीकडे गेले आहेत.

तर घरचे खावंद राजश्री देवाजी. वर्षाचे अकरा महिने धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात. परंतु पौष लागला, शंकरपट ठरला, बैलांच्या शर्यतीसाठी चहूमुलखांतून पाहुणे उतरले, म्हणजे रात्री मंडपात नाटक, आणि नाटक म्हणजे राजा, आणि राजा म्हणजे देवाजी, ऐसी एकवीस वर्षांची वहिवाट. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा दस्तूर ऐसा, की विंगेत प्रॉम्टर पुस्तक घेऊन उभा राहतो आणि पात्र त्याच्या कुजबुजीवर तलवार उपसते. राजाला राज्य नसले तरी चालते, कान पाहिजेत. आणि तीन वर्षांमागे तापाची साथ आली, तीत देवाजींचे कान गेले. मग थोरल्या चिरंजिवांनी नागपुराहून कानयंत्र आणिले. ते काडेपेटीच्या दुप्पट डबडे, छातीशी राजवस्त्राआड बसे, आणि त्याची तार पगडीखालून कानात जाई, आणि त्या जोरावर तीन हंगाम राज्य निर्वेध चालले.

ते यंत्र नाटकाच्याच दिवशी सकाळी मुके जाहले. सेल नवा घातला, तार हलविली, एका पाहुण्याने सल्ला दिला म्हणोन दोन टपल्या मारिल्या. काही उमज पडेना. नागपूर दूर, आणि तेथे दिलेली वस्तू पंधरा दिवसांनी परत यावयाची. ही खबर मंडळाचे अध्यक्ष सोमाजी यांस पोचली, आणि त्यांनी अंगणात उभे राहोन हुकूम सुनावला, की दिवेलागणीस आपण प्रॉम्टर झिंगू यास घेऊन येऊ, कुडामागून झिंगू बोलेल, देवाजींस ऐकू आले तर बेहतर, न आले तर राजाची पगडी तरण्या बिरजूस जाईल.

खुद्द देवाजींस हा हुकूम ऐकूच गेला नाही. तो केसरबाईंनी, म्हणजे या लेखणीच्या सासूबाईंनी, कानाशी तोंड नेऊन सांगितला, आणि त्यामुळे अर्ध्या गावाने ऐकिला. देवाजी उठले. ट्रंकेतून पगडी काढिली, मांडीवर घेतली, आणि धोतराच्या सोग्याने तिचे मोती पुसू लागले. मोती काचेचे होते. पण पुसणे थांबेना, ते पाहोन केसरबाई आत आल्या आणि मला म्हणाल्या, "पगडी गेली ना बाई, तर हा मानूस वर्षभर भिताडाकडे तोंड करून बसन. डबडं उघडाच लागते आज."

मोहिमेचे सेनापतिपद त्याच थोरल्या चिरंजिवांनी, राजश्री देवराव मास्तरांनी, स्वतःच स्वतःस बहाल केले. हे या लेखणीचे धनी. मास्तरांनी पूर्वी एक रेडिओ उघडिला होता. बंद केल्याचा दाखला मिळत नाही. अंगणात तणसाच्या ढिगाजवळ बाज टाकिली, वर पांढरे कापड अंथरिले, मधोमध कानयंत्र पालथे ठेविले. त्याचे पाठीवर चार स्क्रू, तिळाएवढे, चार बुरुजांसारखे. सभोवती शंकरपटाचे पाहुणे पान चघळत बसले. मग मास्तरांनी फर्माविले, की घरात जितकी हत्यारे असतील तितकी हजर करावी.

पहिली चाल अडकित्त्याची. घरातील सर्वांत जुना सरदार, चार पिढ्यांच्या सुपाऱ्या फोडिलेला, सबब मान त्याचा. त्याचे टोक स्क्रूवर टेकविले, जोर केला, आणि टोक घसरोन डबड्याच्या पाठीवर तिरपा वण उठला. मग विळा आला, तो धान कापण्यात मातबर, परंतु तिळापुढे त्याची अक्कल चालेना. शिवणयंत्राच्या पेटीतील पेचकस आला तेव्हा सर्वांची उमेद वाढली, कारण तो जन्मानेच पेचकस. पण त्याचे पाते स्क्रूहून रुंद, जैसा दरवाजात आडवा अडकलेला हत्ती. शेवटी मास्तरांनी आपल्या कंपासपेटीतील कर्कटक काढिले, आणि त्याचे टोक वाकले, आणि मास्तरांचा चेहराही वाकला.

पाहुण्यांतील एक, लच्छूभाऊ, ब्रह्मपुरीकडचे, म्हणाले, "हातोडी आना गा कोनी!"

"हातोडी तुमच्या डोस्क्यासाठी आनू का भाऊ?" केसरबाई आतून बोलल्या, आणि पीठ लागलेल्या हातांनीच रणभूमीवर दाखल झाल्या. "काऊन मारून राह्यले त्याले? पत्रावळी शिवाले बसलो आन कुऱ्हाड घेतली, असं करून राह्यले सारे. अदुगर पान पाहा लागते, जाड हाय का पातळ, मंग काडी निवडा लागते. तुमी सारे काड्याच निवडून राह्यले. इस्क्रूचं तोंड पाह्यलं का कोनी?"

खरोखर कोणी पाहिले नव्हते. सकाळपासून वाद हत्यारांच्या कुळाचा, धारेचा आणि वजनाचा चालला होता.

केसरबाईंच्या डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदूचा पडदा, उतरत होता, बारीक दिसत नसे. सबब त्यांनी हातावरच्या तांदळाच्या पिठाची गोळी केली, ती स्क्रूवर दाबिली, अलगद उचलिली, आणि माझ्यापुढे धरिली. "सूनबाई, तुवे डोये चांगले हायेत. काय दिसते?"

म्यां उन्हात धरोन पाहिली. पिठावर बारीक फुली उमटली होती. आम्ही आणिलेली सारी हत्यारे एकपाती, आणि स्क्रूस चौधारी टोक पाहिजे होते! सबंध सकाळ सारी फौज आडव्या दरवाजाशी उभी धडक देत होती.

मग नव्याने मसलत बैसली. चौधारी वस्तू घरात कोणती? मास्तरांनी खिळे आणविले, ते गोल. सुई गोल, दाभण गोल, छत्रीची काडी गोल. सूर्य माथ्यावरून ढळला. वडशास घड्याळवाला होता, पण त्या दिवशी तोही दुकानास कुलूप घालोन कोठल्याशा पटावर गेला होता. ओसरीवर देवाजी पगडी पुसतच होते.

ऐसियात गनीमच स्वारी घेऊन आला. बिरजू, केसरबाईंचा भाचा, पंचविशीचा, पटावर बैल हाकणारा नामांकित धुरकरी, आवाज ऐसा की नदीपलीकडची गाय वळोन पाहील. पगडी त्याच्या डोईवर जावयाची, तेव्हा तो हेर म्हणोन आला ऐसे समजोन मास्तरांनी डबड्यावर रुमाल टाकिला. बिरजू दाराशी उभा, खांद्यावर बैलांची तुतारी, म्हणजे हाकावयाची काठी. आणि तुतारीच्या टोकास लोहाराने ठोकोन घडविलेली लोखंडी टोचणी, म्हणजे आर.

केसरबाई पुढे झाल्या, आरेस चिमटीत धरिले, बोटाने फिरविले, आणि मोजिले. एक, दोन, तीन, चार.

"बिरजू, हे आर दे मले."

"आत्याबाई, सांजच्या दौडीत पायजे ते."

मास्तर बोलले, की तो देणार नाही, त्यास राजा होणे आहे. ते ऐकोन बिरजूचा चेहरा पडला. त्याने इकडे तिकडे पाहिले, आवाज प्रथमच लहान केला, आणि म्हणाला, "राजा कोनाले व्हा लागते गा, भाऊ? ते दुसऱ्या अंकातलं राजाचं लांबन भाषन पाह्यलं का तुमी? दोन पानं हाय! तीन रोजापासून जेवन गेलं नाई मले. अध्यक्ष म्हनते, आवाज हाय तुया. आवाज हाय, पन पाय कापते त्याचं का करू?" आणि त्याने तेथेच दाराच्या दगडावर तुतारी आपटोन आर सुटी केली आणि आत्याबाईंच्या तळहातावर ठेविली. "लवकर उघडा बा ते डबडं. मले वाचवा."

ऐसा गनीम शरण आला, आणि आपल्या हाताने किल्ली देऊन गेला. तरी आर फार टोकदार होती. तशीच घातली तर तळाशी पोचेल आणि धारा टेकणार नाहीत. केसरबाईंनी पाट्यावर पाणी शिंपिले आणि टोक घासावयास घेतले. दहा वेळा घासावे, पिठावरच्या फुलीत टेकोन पाहावे, पुन्हा दहा वेळा. मास्तर घाई करू लागले, तेव्हा त्यांस हुकूम जाहला, की त्यांनी पाहुण्यांस चहा द्यावा. तो त्यांनी दिला. सातव्या खेपेस टोक फुलीत बसले आणि हलेना.

आरेभोवती चिंधी गुंडाळिली, केसरबाईंनी तळहाताने वरून दाबिले, हळू फिरविले, आणि पहिला बुरूज पडला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा अडकित्त्याने जखमी केलेला, तो हट्टास पेटला; परंतु त्यासही वाकावे लागले. निघाला तो प्रत्येक स्क्रू त्यांनी पिठाच्या पोळीवर त्याच्याच कोपऱ्यात रोविला, म्हणजे परतताना कोणी कोणाच्या जागी बसू नये.

डबडे उघडिले आणि आत शत्रू सापडला. तीन हंगामांचा सफेदा आणि तोंडाचा रंग घामाबरोबर झिरपोन सेलच्या स्प्रिंगेवर गुलाबी खपलीसारखा बसला होता. राजाचे राज्य राजाच्याच शृंगाराने बुडत होते. मास्तर पुन्हा कर्कटक घेऊन सरसावले, त्यांचा हात धरिला गेला; तार नाजूक, लोखंडास तेथे मनाई. पत्रावळीची बांबूची काडी आली, आणि केसरबाईंच्या सांगण्यावरून म्यां त्या काडीने खपली कणाकणाने खरडोन काढिली. खपली निघेतो सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेविला होता, मग चारी बुरूज आपापल्या जागी परत बसले.

दिवेलागणीस सोमाजी आले. देवाजींच्या कानात तार, छातीशी डबडे, डबड्याच्या पाठीवर वण. दुसऱ्या अंकाचा शेवट म्हणावयाचा ठरला; झिंगू पुस्तक घेऊन कुडामागे गेला आणि कुजबुजला, "प्रधानजी, माझ्या मुलुखात अन्याय? आताच्या आता त्या दुष्टाला साखळदंडांनी बांधून हाजिर करा."

देवाजींच्या कपाळास आठी पडली. झिंगू पुन्हा कुजबुजला. देवाजी कुडाकडे पाहत राहिले. सोमाजींनी मान हलविली. केसरबाईंनी पदर तोंडाशी नेला. दाराशी बिरजू पांढराफटक.

मग देवाजी गरजले, "काय रे झिंग्या! ते तिसऱ्या अंकातलं होय ना बे! दोन पानं एकदम पलटवले तुवं. सेनापतीले कोन मारन, तुवा बाप?"

कुडामागे पाने चाळल्याचा आवाज आला, आणि मग झिंगूचा बारीक सूर, "हो गा भाऊ, चिकटले होते."

ऐसी फत्ते जाहली. अंगणात टाळ्यांचा कडकडाट उठला, त्यात बिरजूच्या टाळ्या सर्वांत मोठ्या. त्या रात्री देवाजी राजांनी तिन्ही अंक राज्य केले, एकही वाक्य सांडिले नाही. मोहिमेत कामी आले: एक कर्कटक, अडकित्त्याची आब, आणि मास्तरांचे सेनापतिपद. शत्रूकडील एक चमचा गुलाबी भुगा हस्तगत जाहला.

पुढे कोणाचे काय जाहले ते येणेप्रमाणे. सोमाजी आणखी नऊ वर्षे अध्यक्ष राहिले आणि त्यांनी पुन्हा कोणाची परीक्षा घेतली नाही. झिंगूने चष्मा केला. बिरजूने बैल विकोन काळीपिवळी जीप घेतली, ब्रह्मपुरी ते वडसा. कंडक्टर ठेविला नाही, कारण आवाज पुरत होता. रंगमंचावर तो कधी चढला नाही. मास्तरांनी चंद्रपुराहून बारा पेचकसांची पेटी आणिली, आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त होईतो गावातील रेडिओ, घड्याळे आणि टेपरेकॉर्डर उघडिले. त्यांपैकी पुष्कळ पुन्हा वाजले. काम सुरू करण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, माझ्याकडे न पाहता, पिठाची एक गोळी मागून नेत. ते गेले त्यास आता आठ वर्षे झाली.

केसरबाई नव्याण्णव साली गेल्या. देवाजी त्यांच्यामागे दोन वर्षे होते. यंत्र छातीच्या खिशात असे, तार कानात असे, पण सेल नसे. मी नवा सेल घालून देऊ लागले, तेव्हा त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाले, "राहू दे बाई. आता मले प्रॉम्टिंग कोन करते?"